नात्याबाहेरचा माणूस

आमच्या पानुबिगान बेटावर कुणाला शिवी हासडायची असली तर आधी आजूबाजूला बघून घ्यावं लागतं. ज्याला हासडली तो ऐकणाऱ्याचा मेहुणा नाहीतर साडू निघतो. एक बंदर, एक चर्च, एक बाजार, आणि टेकडीच्या पायथ्याशी आमच्या विद्यापीठाचं छोटं केंद्र. तिथे मत्स्यशेती शिकवतात. शिकणारी पोरं बेटावरची, शिकवणारे आम्हीही बहुतेक बेटावरचेच. मी तिथे समुद्री शेवाळाची शेती शिकवते. इथल्या निम्म्या घरांची चूल त्या शेवाळावर पेटते, त्यामुळे माझ्या वर्गात पोरं झोपत नाहीत.

मुख्य विद्यापीठ समुद्रापलीकडे, शहरात. तिथल्या एका प्राध्यापकाने सख्ख्या भाच्याला कोऱ्या उत्तरपत्रिकेवर पास केलं. कुणीतरी तिचा फोटो काढून फेसबुकवर टाकला आणि सगळीकडे छी-थू झाली. चोर सापडला शहरात, पण कुलूप लागलं सगळ्यांच्याच घराला. पुढच्या सत्राच्या आरंभी आमचे डीन मागबानुआ यांनी सगळ्यांना बोलावून परिपत्रक वाचून दाखवलं.

"कोणत्याही शिक्षकाने चौथ्या पायरीपर्यंतच्या नातेवाइकाला शिकवू नये, मार्गदर्शन करू नये, त्याची परीक्षा घेऊ नये, त्याच्या कुठल्याही कागदावर सही करू नये. मग ते नातं रक्ताचं असो, लग्नाचं असो वा धार्मिक असो."

"चौथी पायरी म्हणजे कुठपर्यंत?" मी विचारलं.

"चुलत, मामे, आते, मावस भावंडांपर्यंत. नवऱ्याची किंवा बायकोचीसुद्धा."

"आणि धार्मिक म्हणजे?"

"निनोंग आणि निनांग," डीन म्हणाले. त्यांचा आवाज जरा बसला. "बाप्तिस्म्याला जे आईबाप म्हणून उभे राहतात ते."

खोलीत हशा पिकला. डीन स्वतःच बेटावरच्या अर्ध्या पोरांचे निनोंग. माणूस भला, नाही म्हणता येत नाही, त्यामुळे दर रविवारी कुणाच्या तरी बाळाशेजारी मेणबत्ती धरून उभा. मी काही कमी नाही. मी हसत होते, पण हसता हसता माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातली तोंडं आठवत गेले आणि हसू विरत गेलं.

मग वेळापत्रकाच्या ज्या चिंधड्या चिंधड्या झाल्या त्या सांगून संपायच्या नाहीत. मासे टिकवण्याचं शास्त्र शिकवणाऱ्या मॅमना इंग्रजी व्याकरण शिकवायला धाडलं, कारण त्या वर्गात त्यांचं कुणी नव्हतं. इंग्रजीचे सर माशांची आतडी कशी काढायची ते पुस्तकातून वाचून दाखवू लागले. व्हरांड्यातून पोरं "निनांग!" म्हणून हाक मारायची आणि मी बहिऱ्यासारखी पुढे जायची. कॅन्टीनवाली आते पुरिंग, आते म्हणजे आमच्याकडे ताई, रोज मोठ्याने विचारायची, "मॅम सेल्सा, माझ्या पुतण्याला भात वाढू, की शहराची परवानगी मागवू?" पहिल्या दिवशी सगळे हसले. मग नुसता वैताग यायला लागला.

खरा घोळ झाला शेवटच्या वर्षाच्या प्रबंधांचा. क्लारिबेल नावाची मुलगी माझ्या हाताखाली वर्षभर काम करत होती. शेवाळाच्या फांद्या पांढऱ्या पडून गळतात, तो रोग कुठून येतो हा तिचा विषय. ओहोटी असेल तेव्हा गुडघाभर पाण्यात उतरून दोर मोजायची, नमुने घ्यायची, पायाला काळे काटे टोचले तरी हूं नाही की चूं नाही. काम इतकं नेटकं की मला वाटायचं हिला शहरात पुढे शिकायला पाठवावं. पण मी तिची निनांग. डीनही तिचे निनोंग. बाकीचे कुणी मामा, कुणी मावशी. एका फटक्यात तिला मार्गदर्शक उरला नाही.

आणि तिलाच काय, कुणालाच उरला नाही. उरले ते एकटे सर क्रिसान्तो.

सर क्रिसान्तो मूळचे दूरच्या मिंदानाव बेटाचे. संगणक शिकवायला आले होते, बंदराजवळ भाड्याच्या खोलीत राहायचे, बेटावर त्यांचं ना कुणी आगे ना कुणी पिछे. त्यामुळे शेवटच्या वर्षाच्या झाडून सगळ्या पोरांचे मार्गदर्शक तेच झाले. कोळंबी, खेकडे, शिंपले, शेवाळ, सगळं त्यांच्याच टेबलावर. बिचाऱ्यांना मासा ताटात आला की तेवढा ओळखू यायचा.

एके दिवशी ते घाम पुसत माझ्या खोलीत आले.

"मॅम सेल्सा, फांद्या पांढऱ्या पडतात म्हणजे शेवाळ पिकतं का?"

"पिकत नाही हो सर, सडतं! आंबा आहे का तो?"

"मग मी क्लारिबेलला काय सांगू?"

"मला मार्गदर्शन करायची मनाई आहे."

"तिला करायची. मला करायला कुठे आहे?"

मी विचार केला. परिपत्रकात तसं काही नव्हतं. मग मी सरांना समजावायला बसले. ते वहीत लिहून घेत होते, आणि उघड्या दाराबाहेर क्लारिबेल भिंतीला टेकून तीच वाक्यं स्वतःच्या वहीत उतरवत होती. मधेच सरांचं काही चुकलं की बाहेरून बारीक आवाजात दुरुस्ती यायची. आम्ही दोघं ती ऐकलीच नाही असं दाखवायचो. चाळिशी पन्नाशीची माणसं, आणि पोरांसारखं लपंडाव खेळत होतो. मला घरी जाताना हसू यायचं नाही, रडू यायचं.

तरी गाडं चाललं असतं. पण सर क्रिसान्तो प्रेमात पडले होते.

मुलगी आमच्याच बेटावरची. दिविना. बंदरावर होडीची तिकिटं देते. गर्दीतल्या दांडगटाला नुसत्या नजरेने रांगेत उभं करते. तिचे वडील पास्कुआल, म्हणजे क्लारिबेलचे सख्खे मामा. लग्न फेब्रुवारीत ठरलं, प्रबंधांच्या तोंडी परीक्षा मे महिन्यात. लग्न झालं की सर क्रिसान्तो आमच्या एक तृतीयांश पोरांचे मेहुणे होणार, क्लारिबेलचे तर नक्कीच. डीननी त्यांना बाजूला घेतलं आणि काय सांगितलं कोण जाणे, सर मान डोलावून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दिविना तिकीटघर बंद करून थेट डीनच्या खोलीत. मी तिथेच बसले होते.

"निनोंग, माझ्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा मेणबत्ती धरून तुम्हीच उभे होतात ना?"

"हो गं बाळ."

"मग माझं लग्न तुम्हीच अडवता?"

"अडवत नाही गं. जरासं पुढे ढकलू म्हटलं. परीक्षा होईपर्यंत."

"आणि पुढच्या वर्षीची पोरं?"

डीन टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"पोरं दर वर्षी येणार ना, निनोंग? मग मी कधी लग्न करायचं? विद्यापीठ बंद पडेल तेव्हा?" ती माझ्याकडे वळली. मोठ्या बाईला आमच्याकडे तिता, म्हणजे मावशी, म्हणतात. "तिता सेल्सा, तुम्हीच सांगा. माझा नवरा म्हणजे काय सरकारी शिक्का आहे? कोरडा ठेवायचा, झिजू द्यायचा नाही?"

मला तिचं पटत होतं. डीननाही पटत होतं. हेच तर दुखणं होतं. सगळ्यांचंच सगळं पटत होतं आणि पान हलत नव्हतं.

शेवटी डीन आणि मी होडीने शहरात गेलो. हे परिपत्रक जिच्या हातचं, ती मॅम एव्हेलिना. बारीक चणीची, करड्या केसांची बाई, टेबलावर एक कागद इकडचा तिकडे नाही. आम्ही आमची रामकहाणी सांगितली. तिने पूर्ण ऐकली, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं.

"सूट मागता येते," ती म्हणाली. "अर्ज करा. फक्त शिफारस अशा अधिकाऱ्याची हवी, ज्याचं लाभ घेणाऱ्यांशी नातं नाही."

"आमच्याकडे असा एकच आहे," डीन म्हणाले.

"मग त्याची घ्या."

"त्याचं लग्न आहे," मी म्हटलं.

तिने चष्मा काढला. "मॅम, तुम्हाला मी मूर्ख वाटत असेन. पण ज्याने भाच्याला पास केलं ना, तोही चौकशीत हेच म्हणाला होता. आमच्याकडे सगळे एकमेकांचेच, तुम्हाला नाही कळायचं."

"आम्ही कोऱ्या कागदावर कुणाला पास करत नाही!" माझा आवाज चढला.

"तसं तोही म्हणायचा."

मी परत येताना होडीत डीनशी एक शब्द बोलले नाही. राग त्यांच्यावर नव्हता, पण काढायला दुसरं कुणी नव्हतं.

लग्न फेब्रुवारीतच झालं. दिविनाने तारीख हलू दिली नाही. भाजलेलं डुक्कर, पान्सितच्या शेवया, ताडीचे बुधलेच्या बुधले. पास्कुआल इतका नाचला की त्याची चप्पल समुद्रात गेली. मी त्याच्याच टेबलावर जेवले. सर क्रिसान्तो हसून हसून थकले होते, आणि डीन केकसमोर बसून बोटांवर मोजत होते की आजपासून किती पोरं पोरकी झाली.

डीननी मग शहराला पत्रांवर पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं की समितीपुढे ठेवू. दुसऱ्याला उत्तर आलं की समितीची बैठक रद्द झाली. क्लारिबेलची परीक्षा मेमध्ये ठरली ती मार्गदर्शकाच्या सहीवाचून हुकली, मग पुन्हा ठरली ती वादळाने हुकली. तिच्याबरोबरची दुसऱ्या केंद्रातली मुलं नोकरीला लागली. ती मात्र आईच्या दुकानात सुकी मासळी तोलत बसलेली. मला बघितलं की उभी राहायची, आणि मला वाटायचं, उभी राहू नकोस गं, मला लाज वाटते.

शेवटी मॅम एव्हेलिनाचाच फोन आला. "मी स्वतः येते. पूर्वी मी वनस्पतींचे रोग शिकवत असे. दोन परीक्षक बरोबर आणते. तुमच्या बेटावर आमचं कुणी नाही."

ते तिघे सकाळच्या होडीने उतरले. क्लारिबेलच्या आईने केळीच्या पानात गूळभात बांधून आणला होता. मॅम एव्हेलिनाने हात जोडून नकार दिला. परीक्षार्थीकडून काही घ्यायचं नाही, असाही एक नियम होता. दुसऱ्या दोघांनी त्या पानाकडे ज्या नजरेने पाहिलं ते पाहून मला पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

मला आत बसायची परवानगी नव्हती. मी खिडकीखाली, बाहेरच्या कट्ट्यावर बसले. खिडकी बंद करा असं कुणी म्हटलं नाही.

क्लारिबेल सुरुवातीला अडखळली, मग सावरली. पाण्याचं तापमान, खारटपणा, दोरांमधलं अंतर, सगळं तिने चोख सांगितलं. परीक्षकांनी उलटसुलट विचारलं तरी ढळली नाही. मी कट्ट्यावर एकटीच माना डोलावत होते. मग मॅम एव्हेलिनाचा आवाज आला.

"पहिल्या प्रकरणात तू सहा शेतांचा उल्लेख केलास. तक्त्यात पाचच आहेत. सहावं कुठे गेलं?"

बाहेर माझं मान डोलावणं थांबलं. सहावं शेत कुणाचं ते मला ठाऊक होतं. बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं. पण तक्ता बघताना हा प्रश्न माझ्या मनात उगवलाच नव्हता. पाहुण्यांसमोर घरातली भांडणं जशी आपोआप मिटतात तसा तो मिटला होता.

"ते... माझ्या मामांचं आहे, मॅम."

"कुणाचं ते मी विचारलं नाही."

"तिथे रोग सगळ्यात जास्त होता," क्लारिबेलचा आवाज अगदी खाली गेला. "ते जुने दोर न धुता पुन्हा वापरतात. रोगट रोपाच्याच फांद्या तोडून परत लावतात. लिहिलं असतं तर सगळे म्हणाले असते की रोग त्यांच्यामुळे पसरतो."

"आणि पसरतो का?"

आत कागद उलटल्याचा आवाज आला.

"हो, मॅम. ओहोटीचं पाणी त्यांच्या शेतावरून इतरांकडे जातं."

"मग तुझा विषय काय होता?"

क्लारिबेल रडली नाही. ती म्हणाली, "रोग कुठून येतो, हाच."

तिघांनी तिला अटीवर पास केलं: सहावं शेत घालायचं, निष्कर्ष पुन्हा लिहायचे. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. माझ्या पुढून ती सरळ चालत गेली.

मी इतकी चिडले होते की कुणावर ते मलाच कळेना. दुपारी वारा वाढला आणि होडी रद्द झाली. मॅम एव्हेलिना बंदरावरच्या बाकावर पिशवीतली बिस्किटं खात बसली होती. मी जाऊन शेजारी बसले.

"तुमच्या नियमापायी त्या मुलीचं वर्ष फुकट गेलं," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "गेलं."

एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. "आणि तो प्रश्न तुम्ही नियमामुळे विचारला असं समजू नका."

"नाहीच विचारला. तक्ता वाचला म्हणून विचारला. तुमचे ते सर क्रिसान्तोही वाचू शकले असते. ते तर परके होते ना तेव्हा?"

"ते शेत त्यांच्या सासऱ्याचं आहे."

"तेव्हा सासरा नव्हता."

"तेव्हा होणार होता."

तिने बिस्किटाचा पुडा मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. "होणाऱ्या सासऱ्याचं कलम नाही हो आमच्याकडे."

मला हसू आलं. तिलाही आलं असावं, पण तिने दाखवलं नाही. आते पुरिंगकडून मी दोन ताटं भात आणि तळलेली मासळी मागवली. मॅम एव्हेलिनाने स्वतःच्या ताटाचे पैसे मोजून दिले, चिल्लरीसकट, आणि मग अशी जेवली की आते पुरिंगने न विचारताच आणखी वाढलं.

पुढचं काम क्लारिबेलचं होतं, पण ती म्हणाली, "निनांग, तुम्ही नुसत्या बरोबर या. काही बोलू नका." पास्कुआल किनाऱ्यावर बांबूच्या मांडवावर शेवाळ वाळत घालत होता. तिने त्याला सगळं सांगितलं. तो हातातलं शेवाळ न सोडता ऐकत राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मारे, माझ्या पोरीच्या लग्नात तू माझ्या टेबलावर जेवलीस."

"जेवले, पारे." बाप्तिस्म्याच्या नात्यातली मोठी माणसं आमच्याकडे एकमेकांना मारे-पारे म्हणतात.

"मामा, मी नाव घालणार नाही," क्लारिबेल म्हणाली. "नुसतं शेत क्रमांक सहा लिहीन."

"सहा नंबरचं शेत कुणाचं हे न कळायला बेटावर परका कोण आहे गं?" तो ओरडला. आजूबाजूच्या मांडवांवरची माणसं बघू लागली. त्याने शेवाळाचा भारा आपटला आणि पाठ फिरवली.

क्लारिबेल हलली नाही. "मामा, शेजारच्या दोघांनी गेल्या वर्षी कर्ज काढून नवीन रोपं आणली. तीही पांढरी पडली. ते समजतात देवाचा कोप आहे."

तो पाठमोराच विस्कटलेलं शेवाळ पसरू लागला. आम्ही परत आलो.

कितीतरी दिवस पास्कुआलने आमच्या घराकडे मान वळवली नाही. दिविनाने बापाची बाजू घेतली, मग नवऱ्याची, मग दोघांनाही झापलं. चर्चमध्ये तो माझ्या बाकावर बसेनासा झाला. पण एका सकाळी मी वर्गावर निघाले तर किनाऱ्यावर धूर. पास्कुआल एकटाच जुन्या दोरांचा ढीग जाळत होता. शेजारचे दोघे लांब उभे राहून बघत होते. मी थांबले नाही.

क्लारिबेलने प्रबंध पुन्हा लिहिला. आधीपेक्षा तो कितीतरी चांगला झाला, हे मान्य करताना मला अजून त्रास होतो. पदवीदान तिचं हुकलं. पदवी टपालाने आली. शहरातल्या एका संशोधन केंद्रात तिला जागा मिळाली आणि ती गेली.

जाण्याआधी तिने प्रबंधाची एक प्रत मला आणून दिली. पहिल्या पानावर विद्यार्थिनीचं नाव, परीक्षकांची नावं, सगळं होतं. मार्गदर्शक म्हणून माझं नाव नियमाने चालत नव्हतं. सर क्रिसान्तोंचं छापलं होतं, तेही लग्नानंतर बाद झालं. रिकामी जागा ठेवली तर संगणक पान पुढे सरकू देईना. शेवटी शहरातल्या कुणीतरी तोडगा काढला होता. तिथे सुबक अक्षरात छापलं होतं: मार्गदर्शक – लागू नाही.

"निनांग, मी भांडले त्यांच्याशी," क्लारिबेल म्हणाली. "ऐकेनात."

"असू दे गं," मी म्हटलं, आणि प्रत कपाटात ठेवून इंग्रजी व्याकरणाच्या तासाला गेले. सध्या तो माझ्याकडे आहे.